जिनातल्या सात बायांचा मालक कोण?

"या बाया माझ्या नाहीतच साहेब. मुकादमाच्या आहेत." शेठजींनी हात जोडले आणि माझ्यासमोर चहाचा कप सरकवला.

सोनगीरच्या रस्त्यावर त्यांचं जिन होतं. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढून रुई करायचा कारखाना. तिथल्या सात बाया युनियनच्या सभासद झाल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांना गेटवरच अडवलं. हंगाम चार-पाच महिन्यांचा. तो हातचा गेला तर वर्ष गेलं. शिवाय या सातजणी हरल्या असत्या तर पुढे एकही बाई युनियनचं नाव घेणार नव्हती, हे मलाही कळत होतं आणि शेठजींनाही.

साठचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्याला सरकारी कामगार अधिकारी होतो. नाव भारदस्त, पण हुकूम करायचा अधिकार शून्य. मालक आणि कामगारांना समोरासमोर बसवून तडजोड करायची, याला कन्सिलिएशन म्हणतात. तडजोड फिसकटली तर फेल्युअर रिपोर्ट पाठवायचा. मग प्रकरण कोर्टाकडे द्यायचं की नाही ते सरकार ठरवणार.

माझ्या वरिष्ठ साहेबांना ट्रंक कॉल लावला. ते म्हणाले, "अहो, त्या माणसाचा मुंबईत वरपर्यंत हात आहे. फेल्युअर रिपोर्ट द्या आणि मोकळे व्हा."

"रिपोर्टात बाया कोणाच्या म्हणून लिहू?"

"कागदावर ज्याच्या आहेत त्याच्या."

कागदावर त्या मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या होत्या, म्हणजे त्यांना परत घ्यायची जबाबदारी शेठजींवर येतच नव्हती. मुकादमाने अंगठा उठवून तसं लिहूनही दिलं होतं. पण मला मोकळं व्हायचं नव्हतं. माझा स्वभावच तसा चिकट, बायको अजूनही त्यावरून बोलते.

दुसऱ्या दिवशी सातजणींपैकी जनाअक्का ऑफिसात आल्या. वयाने सगळ्यांत मोठ्या, बोलायला कडक. मी विचारलं, "अक्का, काम कोण सांगतं तुम्हाला?"

"शेठच सांगस ना भाऊ! मुकादम ते गेटपाशी तमाखू मळत बसेल ऱ्हास."

"हे साक्षीला येऊन कोणी सांगेल?"

"कोन सांगी? मझारन्या बाया भ्यायेल शेत." आत कामावर असलेल्या बाया घाबरल्या होत्या. त्यांचं चुकीचं नव्हतं.

आमच्या कायद्यात एक साधी कसोटी आहे. काम कसं करायचं हे जो सांगतो, तो मालक. बाकी कागद कितीही रंगवा. पण ही कसोटी दाखवायची कशी? मग मला शेठजींच्या रुईची ख्याती आठवली. त्यांच्या गाठी व्यापारी न उघडता उचलत, असं बाजारात बोलत. असा माणूस आपली रुई मुकादमाच्या भरवशावर सोडेल, हे मला पटेना.

मी जिनाच्या पाहणीची नोटीस काढली. शेठजी आणि मुकादम, दोघांनीही हजर राहायचं. वेळ मुद्दाम सकाळची घेतली, कारण तेव्हा कापसाला दंव असतं.

आत चरख्यांचा, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांचा, खडखडाट. एकेका चरख्यापुढे एकेक बाई कापूस टाकत होती. ओला कापूस जाड थराने टाकला की सरकी फुटते, तिचे तुकडे रुईत जातात आणि मालाची प्रत उतरते. मी काहीतरी विचारत रेंगाळलो. शेठजी उत्तरं देत होते, पण डोळे चरख्यांवर. पाचव्या चरख्यापाशी त्यांच्याने राहवलं नाही.

"ओ कमल! थर जाड टाकू नको! सरकी फुटी राह्यनी, दखाये ना का?"

मुकादमाला एवढं कळलं की काहीतरी बिनसतंय. तो पुढे झाला. "शेठजी, मी सांगस ना तिले..."

"तू गप बस रे! तुले कापूसनं काय समजस?"

कमलने थर पातळ केला. शेठजींनी रुई चिमटीत धरून उजेडात पाहिली, मान डोलावली आणि मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी शब्द न् शब्द पाहणीच्या शेऱ्यात उतरवत होतो. लिहून झाल्यावर तिथेच मोठ्याने वाचून दाखवलं आणि दोघांपुढे सहीला धरलं.

"हे रिपोर्टात जाणार?" शेठजींनी विचारलं.

"तडजोड झाली तर रिपोर्टच जाणार नाही."

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "सोमवारी पाठवा त्यांना."

"हजेरीच्या मस्टरवर नावं तुमच्या जिनाची, मुकादमाची नाही. आणि युनियनची वर्गणी कोण भरतं ते विचारायचं नाही."

सोमवारी सातजणी आत गेल्या. मी कामाचं निमित्त काढून गेटवर उभा होतो. जनाअक्कांनी जाताना माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. आजही सांगताना छाती फुगते, खोटं कशाला बोलू. साहेबांनी मात्र पुढच्या वेळी वेळेत रिपोर्ट पाठवायला सांगितलं.

तडजोडीच्या करारावर सही करताना शेठजींनी मला विचारलं होतं, "साहेब, मी त्या दिवशी तोंड उघडलं नसतं तर?"

"तर मी हरलो असतो. पण तुमची ती गाठ खराब निघाली असती."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मग बोललो तेच बरं," म्हणाले, आणि सही केली.

नोकरीत नंतर पुष्कळ करारपत्रं वाचली. मालक शोधायचा असला की मात्र मी कागद मिटून कामाच्या जागी जाऊन उभा राहायचो. माल बिघडताना ज्याला राहवत नाही, तो मालक.