बिनविरोध नको वो बाई!

दोस्तांनो, निघालो होतो गोसीखुर्द धरणाचं पाणी पाहायला आणि आत्ता कोंढ्यात एका अंगणात बसून चहा पिऊन राहिलो.

झालं असं, पवनीच्या ऑटोत माझ्यासोबत दोघी जावा होत्या. ग्रामपंचायतीच्या एकाच जागेसाठी दोघीच उभ्या. घरच्या माणसांनी सांगितलं म्हणून धाकटी अर्ज मागे घ्यायला तहसीलला निघाली होती. म्हणजे थोरली बिनविरोध!

मी अभिनंदन केलं, तर थोरली भडकलीच.

"कायचं अभिनंदन रे बाबू? एक मत नाही पडलं, तं निवडून आली कशी म्हनू? माहं लगनबी बिनविरोधच झालं. मले कोनी इचारलंच नाही!"

ऑटोवाल्यानं हसत हसत गाडीच थांबवली.

धाकटी म्हणाली, "पन बाई, मी जिंकली तं?"

"जिंक ना! साखर चारीन तुले. पन लोकाइले ठरवू दे."

"भाऊ, ऑटो फिरवा!" धाकटी ओरडली. मीही उतरलो नाही, त्यांच्यासोबत त्यांच्या गावी, कोंढ्याला आलो. पाणी काय, उद्याही दिसेल.

आता एकाच चुलीपाशी बसून दोघी एकमेकींना पाडायच्या गोष्टी करून राहिल्या.

बिनविरोध म्हणजे गावाची एकी, असं मला वाटायचं. तुमच्या गावात बिनविरोध झालं, तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं होतं का?