आत घेतलेली शिलाई

माझ्या वहिनीला सगळे कातरबाई म्हणत. चाळीस वर्षं शिंपीकाम, आणि कापड उभ्यानंच बेतायचं हा हट्ट. पुढच्या खोलीत तिचं कमरेइतकं उंच टेबल. बसून बेतणाऱ्यांविषयी ती जे बोले ते इथं लिहिण्याजोगं नाही.

बाथरूमच्या उंबऱ्यावर तिचा पाय सरकला आणि खुबा मोडला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून सळई घातली. माझा भाऊ केव्हाच गेलेला. मुलगा-सून नोकरी करणारे. दुपारी मी जायची.

डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांत वॉकर सुटला तर सुटला. त्यावर मुलानं सरळ सांगितलं, "आई, तोवर टेबलापाशी उभी राहून कापायला लागलीस तर टेबल राहील. नाहीतर तिथं तुझी कॉट टाकू, बाथरूम जवळ पडेल." त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. खरं तर तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं.

व्यायाम करवणारी बाई दिवसाआड येई. पहिला महिना संपला तेव्हा वीस पावलं. दुसरा संपला तेव्हाही वीसच.

"मावशी, नीट खाता ना?" बाईनं वहिनीला विचारलं.

"खाते की! बघ, गाऊन कसा बसलाय."

गाऊन खरंच छान बसत होता. मला ती सांगे, सकाळी सूनबाईनं पोटभर दिलंय. सुनेला सांगे, दुपारी वन्संनी दामटून खाऊ घातलंय. आम्ही दोघी शिकलेल्या, आणि दोघींनी एकमेकींना विचारायचे कष्ट घेतले नाहीत.

नवव्या आठवड्यात दोरीवर गाऊन उलटा वाळत होता. घडी घालायला घेतला, तर बगलेखाली शिलाईच्या चार ओळी, एकीच्या आत दुसरी. हातानं घातलेले टाके, मशीनसारखे सरळ. दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं कापड आत घेतलेलं.

"हे काय गं?"

"फिटिंग."

"वहिनी, मला शिवता येत नाही, पण दिसतं."

ती म्हणाली, "जास्त खाल्लं की जास्त वेळा जावं लागतं. सूनबाई घरी असली की दर खेपेला तिला हाक मारायची. ती कामाचा फोन हातात धरूनच धावत येते. तोंड वाकडं करत नाही हो, वन्सं. केलं असतं तर बरं झालं असतं."

"आणि टेबल?"

"टेबलाचं पायावर आहे. पोटाचा काय संबंध?"

मला राग आला. उशाशी ठेवलेली मापाची टेप घेऊन तिच्या हातात दिली. तिनं आधी चांगली मांडी मोजली, मग ऑपरेशनची. गिऱ्हाइकाचं माप सांगावं तसे दोन्ही आकडे सांगितले. दीड इंचाचा फरक. चांगलीही चांगली राहिली नव्हती.

"यावर उभी राहणार होतीस? पायाला मांस काय आकाशातून येतं?"

मी दोन अंडी उकडली. मीठ न मागता तिनं खाल्ली.

संध्याकाळी सुनेला सांगितलं. खाली शौचाचं भांडं बसवलेली खुर्ची कॉटशेजारी आली, हाका थांबल्या. मग रोज अंडी, दूध, वाटीभर डाळ. गिळताना तिचा चेहरा अर्ज भरत असल्यासारखा. पावलं तीस झाली, पन्नास झाली.

तीन महिने भरले त्या दिवशी ती वॉकर सोडून, काठीनं टेबलापर्यंत गेली. काठी टेकवून ठेवली. डाव्या हातानं टेबलाची कड धरली, उजव्या हातात कात्री घेतली. कापड ताणून धरायला हात उरला नाही. कड सोडून पाहिली. पाय थरथरला, पुन्हा धरली. मुलगा दारात उभा होता.

"आई, अजून महिनाभर थांबू या का?"

"कशाला? उगाच जागा अडते. ने."

रविवारी टेबल गेलं, कॉट लागली. मी दुपारी गेले तेव्हा ती कॉटवर बसून गाऊनची सगळ्यात आतली शिलाई उसवत होती.

"काय झालं?"

"काचतोय," ती म्हणाली. "अंडी उकडलीत का?"