सामाईक हत्ती

चालू असलेली कुठलीही गोष्ट मध्येच बंद करून पाहिल्याशिवाय माझ्या सासऱ्यांचा तिच्यावर विश्वास बसत नाही. साखर कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढली, त्याचा हा परिणाम असावा. घरात नवा मिक्सर आला की चटणी अर्धी वाटली जाते न जाते तोच ते बटण बंद करणार आणि पुन्हा लावून बघणार. माझ्या लग्नाच्या वरातीत तर त्यांनी ऐन रंगात आलेला बँड थांबवला आणि थांबलात तिथूनच धरा म्हणाले. बँडवाल्यांनी धरलं, तेव्हा कुठं वरात पुढं सरकली.

सीडीचा जमाना होता तेव्हाची गोष्ट. आम्ही पाचसहा मास्तर-मास्तरणी दर रविवारी आमच्या बाहेरच्या खोलीत जमायचो. मुलांसाठीचे मोफत खेळ आणि पाठ मराठीत आणायचे आणि कुठल्याही शाळेतल्या संगणकावर एका सीडीवरून चढतील असे बांधायचे, याला आम्ही पॅकेज करणं म्हणायचो. पगार नाही, मानधन नाही, चहा मात्र सासूबाईंचा. मामा, म्हणजे माझे सासरे, स्विचपाशी खुर्ची टाकून बसायचे आणि पॅकेज अर्धं चढलं की बटण बंद करायचे. आम्ही ओरडलो की शांतपणे म्हणायचे, "शाहूवाडीच्या शाळंत लाईट तुम्हास्नी इच्यारून जातीया व्हय?" या छळामुळं आमची सीडी इतकी पक्की झाली की मध्येच वीज गेली तरी उरलेलं काम तिथूनच पुढं सुरू व्हायचं. हे आम्ही त्यांच्यापाशी कधी कबूल केलं नाही.

घोळ झाला तो आत्याबाईंच्या गावात. मामांची ही थोरली बहीण कागलच्या पुढं, अगदी सीमेवर राहते. तिथल्या शाळेत मराठी आणि कानडी दोन्ही वर्ग, संगणक एकच. आमची सीडी घातली, मराठी वर्ग खूश. मग धारवाडच्या अशाच एका हौशी गटाची कानडी सीडी घातली, तर आमचं मराठी गायब. आमची पुन्हा घातली, तर कानडी गायब. दोन्ही गटांनी तीच चित्रं त्याच नावानं त्याच जागी ठेवली होती, त्यामुळं नंतर येणारा आधीच्याला हुसकून लावायचा. हेडमास्तर वैतागले. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा एकच सीडी ठेवीन, दुसऱ्या वर्गानं संगणकाला हात लावायचा नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. आम्ही धारवाडला लिहिलं, तुम्ही बदला. त्यांनी लिहिलं, तुम्हीच बदला. दोन महिने हेच. एकमेकांचं तोंड न पाहता भांडण्यात आम्ही शिकलेली माणसं फार पटाईत.

एका सकाळी मामांनी गुळाची ढेप पिशवीत घातली, मला चल म्हणाले, आणि आम्ही धारवाडची एसटी धरली. तिथल्या गटप्रमुख बाई कडक होत्या. मामांनी कानडीतून आधी त्यांची, मग त्यांच्या आईवडिलांची खुशाली विचारली. मग पडद्यावरच्या अंक मोजणाऱ्या हत्तीवर बोट ठेवून काहीतरी बोलले आणि मला समजावं म्हणून तेच मराठीत म्हणाले, "ह्या हत्तीला मराठी येत न्हाय, कानडी बी येत न्हाय. मग ह्यो तुमचा कसा आनि आमचा कसा?"

बाई हसल्या. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी चित्रांचं तिसरं, सामाईक पॅकेज बांधलं आणि मराठी-कानडी त्याच्या आधारानं शेजारीशेजारी बसवलं. मामांनी चार वेळा बटण बंद केलं. बाईंनी सोसलं.

शाळा उघडली त्या दिवशी दोन्ही वर्ग त्या एका संगणकापुढं दाटीवाटीनं बसले होते. आधी मराठीत अंक ऐकू आले, मग कानडीत. ओंदु, एरडु, मूरु. मागं उभ्या असलेल्या मामांचे ओठ हलायला लागले. आत्याबाई माझ्या कानाशी आल्या.

"तिसरीपतुर ह्यो कानडी शाळंत हुता, चौथीला ह्याला कोल्हापुरात काकाकडं धाडलं," त्या म्हणाल्या. "कानडीत पाढा म्हनला की मास्तर हातावर छडी द्यायचा. तवापासनं मनातच मोजतोय ह्यो."

मला फार वाईट वाटलं. नऊ वर्षं मी या माणसाच्या खोडी चवीनं सांगत आले होते आणि एवढं मला ठाऊक नव्हतं. पडद्यावरचा हत्ती दहावर थांबला. मामा थांबले नाहीत. हन्नोंदु, हन्नेरडु, असं ते मोठ्यानं म्हणत गेले, पोरं मागं वळून बघायला लागली तरी.