माझ्या वाट्याच्या कॅलऱ्या

माणसाला रोज किती कॅलरी लागतात हे मला कळलं, आणि त्याच दिवसापासून मी अर्धपोटी राहू लागलो.

लढाईचे दिवस होते. बेळगावात धान्य रेशनवर. मी तिथल्या एका शाळेत मास्तर. घरात बायको आणि मी, दोघंच. त्यात काकतीहून माझे आप्पामामा दात दाखवायला म्हणून आले, ते राहिलेच. (सात भाकऱ्या चावताना तो दात कधी दुखल्याचं ऐकलं नाही!) पण सख्ख्या मामाला कमी जेवा म्हणायचं कसं?

तेवढ्यात शाळेत आरोग्याचा एक छापील तक्ता आला. कुठलं काम करणाऱ्याला रोज किती कॅलरी पुरतात, याचे आकडे त्यात होते. मला वाटलं, सुटलो. मामा दिवसभर कट्ट्यावर बसून असतात. आता शास्त्रच त्यांना दोन भाकऱ्यांवर आणील.

तक्ता घरी नेऊन मी भिंतीला लावला आणि कॅलरी म्हणजे अन्नातली ताकद, इथपासून सगळं समजावून सांगितलं. मामांचे डोळे मिटलेले. बायको मात्र उठून तक्त्यापाशी गेली. ती चौथी शिकलेली.

"कष्टाच्या कामाला जास्त लिहिलंय," ती म्हणाली. "दळण, पाणी, धुणं माझ्याकडं. म्हणजे मला जास्त. बैठ्या कामाला कमी. तुम्ही शाळेत खुर्चीवर बसूनच शिकवता न्हवं?"

इथं खोटं बोलायला हवं होतं. पण पडलो मास्तर!

"आणि मामा?" मी घाईनं विचारलं.

मामांनी डोळे उघडले. "मी शेतकरी हाय रं. बघ की, कुठल्या वळीत हाय ते."

शेतकरी सगळ्यात वरच्या ओळीत होता. दोन भाकऱ्यांवर मी आलो.

चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी ठरवलं, आपणही कष्टाच्या ओळीत चढायचं. सकाळी परसातल्या विहिरीवर गेलो आणि पाणी शेंदू लागलो. तिसऱ्या घागरीला कमरेत अशी उसण भरली की मी तिथंच आडवा. मामांनी मला पोत्यासारखं खांद्यावर टाकून घरात आणलं. वैद्यांनी आठ दिवस निजून राहायला सांगितलं.

बायकोनं तक्त्यावरून बोट खाली नेलं. निजून असणाऱ्याचा आकडा आणखी कमी होता. तिनं माझ्यापुढं पेजेची वाटी ठेवली.

माझ्या दोन्ही भाकऱ्या मामांनी आपल्या ताटात ओढल्या आणि शांतपणे म्हणाले, "भाच्याला उचलण्यात माझ्या लई कॅलऱ्या गेल्या बघ."

इतक्या वर्षांच्या मास्तरकीत माझा धडा एवढा नीट समजलेला विद्यार्थी मला तो पहिलाच भेटला!