बागेतले घोळके

पीएचडीसाठी मी संख्याशास्त्रातला जो विषय घेतला होता, तो घरी समजावून सांगणं अवघडच होतं. पुंजके एकमेकांत मिसळतात, पुन्हा फुटतात. कोणता कधी फुटेल हे कुणालाच सांगता येत नाही. पण बराच काळ पाहिलं तर लहान किती नि मोठे किती असतील, याचा अंदाज बांधता येतो. वडिलांनी शांतपणे ऐकलं नि म्हणाले, "हात्तिच्या! ही तर आमच्या बागेतली मंडळी."

वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी बागेत जात. तिथं खरंच तसं चाले. गुडघेदुखीवाले राजकारणवाल्यांत मिसळत, नळाच्या पाण्याचा विषय निघाला की सगळे फुटत. माझे मार्गदर्शक सरही म्हणाले, "जाऊन मोजा." मी वही घेऊन बाकावर बसले नि दर पाच मिनिटांनी कोणत्या घोळक्यात किती माणसं, ते लिहू लागले.

चौथ्या दिवशी साडीवर बूट घातलेल्या एका काकू थांबल्या. "काय लिहायलीस गं?"

"माणसं मोजते."

इथंच माझं चुकलं. काकू आपल्या घोळक्यात गेल्या, तो शेजारच्याला मिळाला आणि थोड्याच वेळात अख्खी बाग माझ्या बाकाभोवती उभी राहिली. "बाग जा री क्या?" असं एक चाचा घाबरून विचारत होते. असा एकच मोठा घोळका होण्याची शक्यता माझ्या गणितात जवळजवळ शून्य होती.

"कुणी पाठवलं तुला?"

"सरांनी."

"महापालिकेतले का?"

"नाही हो, विद्यापीठातले."

"विद्यापीठाला लई जागा हाय की! आमची बाग कशाला पायजे?"

मागून कुणीतरी मूठ उंचावून ओरडत होतं, "बाग आमची आहे!" गर्दी बाजूला झाली तर ते माझे वडील. मला पाहून मूठ तशीच वर राहिली. "अरे, ही तर आमचीच! आपल्यावर पीएचडी करायलीय."

मग सूरच पालटला. प्रत्येकाला आपलं नाव प्रबंधात हवं होतं. हास्यक्लब योगवाल्यांतून फुटला की योगवाले हास्यक्लबातून, यावर वाद पेटला. वडील हास्यक्लबाच्या बाजूनं, त्यांचे एक जुने मित्र योगाच्या. दहा मिनिटांत घोळक्याच्या चिंध्या झाल्या आणि दोघं मित्र दोन फाटकांतून घरी गेले.

सरांनी वही पाहून ती मोजणी बाद केली. "हा घोळका तुमच्यामुळे जमला. तो कसा धरायचा?" त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. पण वडील एकटेच फेऱ्या मारू लागले, ते बघवेना. मी त्यांच्या मित्राची, त्या काकांची, माफी मागून आले. ते म्हणाले, "तुझं काही नाही पोरी, त्यालाच माफी मागायला सांग." वडील म्हणाले, "आधी त्यानं मागावी."

तीन आठवड्यांनी वडील हसतच घरी आले. बागेत एक नवे गृहस्थ आले होते नि दिसेल त्याला गाठून स्वतःच्या बायपासची हकिकत पहिल्या टाक्यापासून ऐकवत होते. त्यांना चुकवायला वडील चाफ्याच्या झाडामागं दडले, तर तिथं मित्र आधीच बसलेले.

"सरक की जरा," वडील म्हणाले. ते सरकले.

"तुझ्या गणितात बसतं का हे?" वडिलांनी विचारलं.

"नाही बसत," मी म्हणाले. त्यांना फार आनंद झाला.