अरबीतली मॅच

बायको गेली तेव्हा मुलगा जर्सी सिटीत होता. व्हिसाचं काहीतरी अडकलं होतं. एकदा देश सोडला की परत घेतील का, याचा भरवसा नव्हता. तो आला नाही. अग्नी पुतण्याने दिला.

चार महिन्यांनी मुलाने मलाच तिकडे बोलावलं. मला अमेरिका बघायची नव्हती. वर्षश्राद्धाला तरी येणार का, हे त्याला तोंडावर विचारायचं होतं, म्हणून गेलो.

तो ऑफिसातून यायचा, बूट काढायचा आणि टीव्हीवर फुटबॉलचा गेम लावायचा. खरी मॅच नव्हे, हातातली बटणं दाबून खेळायची. त्यात कॉमेंट्री करणारा एक माणूस सारखा बोलायचा, तेही अरबीत. ऑफिसातल्या इजिप्तच्या मित्राने डिस्क कॉपी करून दिली होती. पहिल्या दिवशी मला वाटलं, शेजारी भांडण लागलंय.

"गोल झाला, बाबा."

"तुझा?"

"नाही, समोरच्याचा."

"मग हा कशाला एवढा खूश?"

"तो कुणाचाही झाला तरी खूशच असतो."

रोज हेच. मी सोफ्यावर बसून. विचारायचं जिभेवर यायचं, तेवढ्यात तो माणूस ओरडायचा. मग राहून जायचं. शेवटी एका रविवारी दुपारी उठलो आणि टीव्हीचा आवाजच बंद केला.

"वर्षश्राद्धाला येणार का? हो की नाही, एवढंच सांग."

पडद्यावरची माणसं मुक्याने पळत होती. त्याने बटणं सोडली नाहीत.

"आवाज लावा ना, बाबा."

"त्याचं एक अक्षर तरी कळतं का तुला?"

"नाही कळत, म्हणूनच बरं वाटतं. दिवसभर इंग्लिश, ते कामाचं. मराठीत फोन आला की पहिला प्रश्न, आई गेली तेव्हा तू का नाही आलास. हा एकटाच बोलत राहतो आणि मला काही विचारत नाही."

राग गेला नाही माझा. पण आवाज पुन्हा सुरू केला आणि त्याच्या शेजारी बसलो. परत विचारलं नाही.

तो आला नाहीच. वर्षश्राद्धही पुतण्यानेच केलं. त्या दिवशी मुलाचा फोन आला. पानात काय काय होतं, म्हणाला. मी सांगत गेलो. वडे, खीर, आमसुलाची चटणी, कारल्याची भाजी.

"कारलं आईसारखं झालं होतं?"

"नाही. कडू झालं होतं."

त्याने फोन ठेवला नाही. मीही नाही.