तुम्ही तर येणारच

आमच्या शिक्षण संस्थेच्या निवडणुकीत मत मागायला जायचं म्हणजे चहा प्यायला जायचं. परळ-लालबागच्या माणसाला दारात आलेल्याला नाही म्हणता येत नाही. तो तुम्हाला आत बोलावतो, पंखा लावतो, चहा पाजतो आणि मत तुम्हालाच म्हणून सांगतो. तुमच्या आधी जो येऊन गेला त्यालाही त्याने हेच सांगितलेलं असतं. मला हे पक्कं ठाऊक होतं, आधी दोनदा निवडून आलेली बाई मी. तरी प्रत्येक घराचा जिना मी खुशीत उतरत होते.

शाळा परळला, मराठी माध्यमाची, गिरणी कामगारांच्या पोरांसाठी काढलेली. मी तिथेच शिकले. शाळेचे जुने विद्यार्थी संस्थेचे सभासद होतात आणि दर काही वर्षांनी कार्यकारी मंडळ निवडतात. यंदा सात जागांना नऊ उमेदवार होते. प्रत्येक सभासदाने सात नावांपुढे खूण करायची, म्हणजे दोघांना वगळायचं. तेवढीच काय ती निवडणूक.

मंडळावर राहून मी काय दिवे लावले म्हणाल, तर फार मोठे नाहीत. मुलींच्या संडासाला आतून कड्या बसवून घेतल्या. पाण्याची टाकी धुवायला लावली आणि ती खरंच धुतली का, हे शिडीवर चढून बघितलं. पहिलीला मुलं मिळेनात तेव्हा बालवाडीच्या बाईंबरोबर वस्तीत फिरले. दर सोमवारी सकाळी मी शाळेत जायचे. शिपाईमामा ऑफिसातली खिडकीजवळची खुर्ची पुसून ठेवायचे, कमी साखरेचा चहा आणायचे, आणि मग कोणी ना कोणी गाऱ्हाणं घेऊन यायचंच.

हे गेले, मुलगी बंगळुरूला. आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला आणि मला चौदाव्या मजल्यावर घर मिळालं. घर छान आहे, वारा येतो, संडास घरात आहे. पण चाळीत दार बंद दिसलं की लोक विचारायचे, बरं नाही का म्हणून. इथे दार उघडं राहिलं तर वॉचमनचा फोन येतो. आठवडाभरात मी जे काही बोलायचे त्यातलं निम्मं सोमवारीच बोलून व्हायचं. म्हणून समाजसेवेचा आव आणत नाही. शाळेचं भलं व्हावं हे होतंच, पण मला ती खुर्ची हवी होती. ती गेली तर सोमवारी कुठे जायचं? हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, उलट सगळीकडे हसत गेले.

दादर झालं, नायगाव झालं, शिवडी झाली. डोंबिवली-विरारला गेलेल्यांना फोन केले. सगळीकडे एकच पालुपद. "ताई, तुम्ही कशाला त्रास घेतलात? तुम्ही तर येणारच." नायगावला माझा एक वर्गमित्र तर माझ्यासमोरच दुसऱ्या उमेदवाराची काळजी करत बसला. "तो नवखा आहे गं. पडेल बिचारा." मीही मान हलवून बिचारा म्हटलं आणि त्याच्या बायकोने दिलेला दुसरा लाडू खाल्ला.

एकाच दारात मी गेले नाही, समोरच्या. आमच्या मजल्यावर लिफ्टच्या पलीकडे माझी चाळीतली शेजारीण राहते. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, चाळीत आमच्या खोल्यांना मधली भिंत एकच होती. तिचा मुलगा आणि सून सकाळीच कामावर जातात, मग दिवसभर ती आणि टीव्ही. पत्रकांची पिशवी घेऊन मी लिफ्टची वाट बघत असले की सेफ्टी डोअरमागून ती विचारायची, "आज खंय?" मी गावाचं नाव सांगितल्यासारखं नायगाव, शिवडी असं काहीतरी म्हणायचे आणि लिफ्ट यायची. घरच्या माणसाकडे कोणी मत मागतं का?

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये मतदान झालं, दुपारी मोजणी. मी आठवी आले, थोडक्या मतांनी. तो नवखा सातवा.

मग हॉलमध्येच माणसं भेटायला येऊ लागली. "असं कसं झालं हो ताई? तुम्ही तर येणारच म्हणून तुमची खूण मी त्याला दिली." एक झाला, दुसरा झाला, तिसरी बाई तर हातातला बटाटेवडा तसाच ठेवून डोळे पुसायला लागली. ही माणसं खोटं बोलत नव्हती. खोटं बोलली असती तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. हे गेले तेव्हाही यांनीच 'ताई खंबीर आहेत' म्हटलं होतं आणि तेराव्यानंतर कुणी फिरकलं नव्हतं. मुलगीही फोनवर म्हणते, "आई, तुझं मला टेन्शन नाही." माझं कुणालाच टेन्शन नाही. मी सगळ्यांना "असू दे, असू दे" म्हणत घरी आले.

संध्याकाळी बेल वाजली. दारात शेजारीण, हातात पेढ्यांचा पुडा. सकाळी मत देऊन ती लगेच परतली होती, निकाल तिला कळलाच नव्हता.

"कालच आणून ठेवले," ती म्हणाली. "घे गो, तोंड गोड कर."

"मी पडले."

"तू कशी पडशील? मी तर..." ती अडखळली.

"तूसुद्धा?"

"तू येणारच होतीस गो. म्हटलं, त्या नवख्याला द्यावं."

दिवसभर ज्यांना असू दे म्हटलं होतं त्या सगळ्यांचा राग तिच्यावर निघाला. "मला तुझं मत हवं होतं," मी म्हटलं. "बाकीच्यांचं नसतं मिळालं तरी चाललं असतं. तुझं हवं होतं."

ती पुडा छातीशी धरून उभी राहिली. मग म्हणाली, "विरारला फोन केलेस. नायगावला जाऊन लाडू खाऊन आलीस. माझ्याकडे आलीस? रोज आधण ठेवायची मी. लिफ्टकडे तुझी पावलं वाजली की वाटायचं, आज माझ्याकडे येशील."

"तुझ्याकडे काय यायचं? तू तर देणारच..."

पुढचं मला बोलवेना. मग ती हळूच म्हणाली, "उद्या सोमवार. काय करशील?"

हे मला अख्ख्या दिवसात कुणी विचारलं नव्हतं. "माहीत नाही," मी म्हटलं आणि तिथेच, दारात, मला रडू फुटलं.

"रड," ती म्हणाली. "पण आधी मला आत तर बोलव."